दोन वह्यांतली एकच चूक

गडचिरोली जिल्ह्यातील अहेरी तालुक्यात कमलापूर येथे वनखात्याचा हत्तीकॅम्प आहे. एके काळी जंगलातील लाकूड ओढण्यासाठी पाळलेले हे हत्ती आता पर्यटक पाहायला येतात. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत या कॅम्पातील पिल्ले दगावली. त्याच २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडमधून वीसहून अधिक रानहत्तींचा कळप गडचिरोलीच्या जंगलात उतरला. पुढे गोंदिया आणि चंद्रपूर जिल्ह्यांतही हत्तींची पावले उमटली.

हत्तीचे पिल्लू अचानक मेले, की आज पशुवैद्य ज्या कारणांचा विचार करतात त्यांत एक विषाणू अगदी वर असतो. आणि तपासणीत तो खरोखरच सापडला, तर लोकांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : हा आला कोठून? बाहेरच्या हत्तींनी आणला, की माहुताच्या हलगर्जीपणामुळे शिरला? या प्रश्नाचे उत्तर विषाणूच्या जनुकांतील फरकांवरून शोधता येते. ते कसे, हे समजून घेऊ.

या विषाणूचे नाव लांबलचक आहे : एलिफंट एंडोथेलिओट्रॉपिक हर्पिस व्हायरस. थोडक्यात ईईएचव्ही. रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरावर तो हल्ला करतो. त्यामुळे ठिकठिकाणी रक्तस्राव होतो, डोके सुजते, जीभ जांभळी पडते आणि बरेचदा लक्षणे दिसल्यापासून एकदोन दिवसांतच पिल्लू जाते.

हर्पिसचे कुळ आपल्या ओळखीचे आहे. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या तरी त्यांचा विषाणू शरीर सोडत नाही. तो मज्जापेशींत झोपून राहतो आणि उतारवयात कधी तरी नागिणीच्या रूपाने उठतो. सुप्तावस्थेत राहणे हा या साऱ्या कुळाचा स्वभाव. ईईएचव्हीही धडधाकट दिसणाऱ्या मोठ्या हत्तींत असाच राहतो आणि अधूनमधून त्यांच्या सोंडेतील स्रावातून बाहेर पडतो. पिल्लाला सुरुवातीला आईकडून मिळालेल्या प्रतिपिंडांचे संरक्षण असते. ते ओसरल्यावर आणि स्वतःची प्रतिकारशक्ती पुरेशी तयार होण्याआधी विषाणूशी गाठ पडली, तर धोका मोठा. म्हणून एक ते आठ वर्षांच्या पिल्लांना विशेष जपावे लागते.

आता जनुकांकडे वळू. ईईएचव्हीची सारी माहिती डीएनएच्या सुमारे एक लाख ऐंशी हजार अक्षरांत लिहिलेली असते. अक्षरे चारच : ए, टी, जी आणि सी. विषाणूची नवी प्रत तयार होताना क्वचित एखादे अक्षर चुकते आणि ती चूक पुढच्या सर्व प्रतींत उतरते. फ्लूच्या विषाणूत अशा चुका भराभर साठतात. हर्पिसच्या कुळात प्रत तपासून दुरुस्त करण्याची सोय असल्याने त्या फार सावकाश साठतात.

शिक्षकांना यातले तत्त्व वेगळे सांगायला नको. चाळीस वह्या तपासताना बरोबर उत्तरांवरून कोणी कोणाचे पाहून लिहिले हे कळत नाही. पण दोन वह्यांत एकच विचित्र चूक, त्याच ओळीत सापडली, की आपण थबकतो. दोन्ही लेखनांचा उगम एक असला पाहिजे, एवढे नक्की. मात्र कोणी कोणाचे उतरवले हे तेवढ्यावरून ठरत नाही. दोघांनीही तिसऱ्याचे पाहिले असेल. विषाणूंचे नातेही याच तर्काने ठरवतात.

हर्पिसमध्ये फरक पडण्याची आणखी एक रीत आहे. एकाच पेशीत दोन वेगळे विषाणू शिरले, तर त्यांच्या डीएनएच्या तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते. ईईएचव्हीचे १ए आणि १बी हे दोन उपप्रकार पाहिले, तर त्यांच्या डीएनएचा बराचसा भाग मिळताजुळता आहे, पण मधले काही तुकडे एकदम निराळे. जुन्या लुगड्यांच्या ठिगळांची गोधडी असावी तसे. आशियाई हत्तींत १ए, १बी, ४ आणि ५ हे प्रकार आढळतात; २, ३, ६ आणि ७ हे आफ्रिकी हत्तींतले.

हा विषाणू प्रथम लक्षात आला तो वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात. तेथे १९९५ मध्ये कुमारी नावाचे सोळा महिन्यांचे पिल्लू मरण पावले. १९९९ मध्ये त्याविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. प्राणिसंग्रहालयांत आशियाई आणि आफ्रिकी हत्ती शेजारी शेजारी ठेवत. त्यामुळे आफ्रिकी हत्तींचा विषाणू आशियाई पिल्लांना लागत असावा, असा तर्क निघाला. हा बंदिवासातला रोग आहे, असेही पुष्कळांना वाटले.

या दोन्ही समजुतींना उत्तर मिळाले ते दक्षिण भारतातून. केरळचे वन्यजीव पशुवैद्य अरुण झकारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जंगलात आणि कॅम्पांत मेलेल्या पिल्लांच्या ऊतींचे नमुने तपासले आणि २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. नऊ पिल्लांत ईईएचव्ही सापडला. त्यांपैकी दोन पिल्ले एकाच कॅम्पात तीन दिवसांच्या आत मेली होती. त्यांच्या विषाणूंची वाचलेली अक्षरे तंतोतंत सारखी निघाली. म्हणजे लागण एकाच उगमातून झाली होती. बाकी विषाणू मात्र एकमेकांपासून वेगळे होते. एकूण आठ निरनिराळे वाण : सात १ए चे आणि एक १बी चा. युरोप-अमेरिकेत मिळालेल्या तीसहून अधिक वाणांत जेवढी विविधता होती, तेवढीच येथेही दिसली.

याचा अर्थ नीट पाहा. विषाणू अलीकडेच बाहेरून आला असता, तर सगळ्या वह्यांत जवळजवळ एकच मजकूर दिसायला हवा होता. सावकाश बदलणाऱ्या विषाणूत इतकी विविधता साठायला अतिशय दीर्घ काळ लागतो. तेव्हा हा विषाणू आशियाई हत्तींचा स्वतःचा, पुरातन सोबती आहे आणि रानातही तो पिल्ले मारतो.

फरक वाचताना एक सावधगिरी हवी. ती घोड्यांच्या हर्पिसने शिकवली. घोड्यांच्या हर्पिस-१ विषाणूमुळे गर्भपात होतात आणि कधी कधी पाय लुळे पडतात. त्याच्या सुमारे दीड लाख अक्षरांपैकी एका ठिकाणी ए ऐवजी जी असेल, तर मज्जासंस्थेचा विकार होण्याची शक्यता वाढते, असे दिसून आले. पण २०२१ मध्ये स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे अनेक घोड्यांना हाच विकार झाला तेव्हा विषाणूत ते अक्षर ए च होते. एका अक्षरावरून धोक्याचा अंदाज बांधता येतो, निकाल देता येत नाही.

आता पुन्हा कमलापूरला येऊ. ईईएचव्ही जर हत्तींच्या घरातलाच असेल, तर रानातल्या कळपाला दोष देऊन किंवा मोठ्या हत्तींना दूर केल्याने तो संपणार नाही. पिल्लांना तर मोठ्यांची सोबत हवीच. उपयोगी पडते ती पाळत. लहान पिल्लांचे रक्त नियमितपणे तपासत राहिल्यास पीसीआर चाचणीत विषाणू लक्षणांच्या आधीच दिसू शकतो. मग माणसांच्या नागिणीवर वापरतात ते फॅमसायक्लोव्हिर औषध, शिरेतून द्रव आणि मोठ्या हत्तीचा रक्तद्रव देऊन काही पिल्ले वाचवता आली आहेत. जून २०२४ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टनच्या प्राणिसंग्रहालयात एका हत्तिणीला या रोगावरची एमआरएनए लसही प्रथमच टोचण्यात आली.

पिल्लू वाचले नाही, तरी एक काम उरतेच. शवविच्छेदनाच्या वेळी ऊतीचा नमुना थंड ठेवून प्रयोगशाळेपर्यंत पोचवायचा. कमलापूरहून हा प्रवास लांबचा आहे, आणि विदर्भाच्या उन्हात बर्फ टिकवणे सोपे नाही. पण तो नमुना पोचला नाही, तर ती वही न तपासताच जाळल्यासारखे होते. मग माहुतावर आलेला आळ खोडायला काही पुरावा राहत नाही, आणि पुढच्या पिल्लासाठी काही शिकायलाही.