घरखर्चाच्या पिशवीतली ताकद : डेट्रॉईटच्या गृहिणींची गोष्ट



मागच्या महिन्यात एका गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, नोटा मोजून झाल्या, वहीत नोंदी चालल्या होत्या. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "ताई, राग मानू नका. पण महिन्याच्या शंभर रुपयांनी कुणाचं काय होणार आहे? यंदा सोयाबीन गेलं, पोराचं काम सुटलं. हे शंभर माझ्या कनवटीलाच असलेले बरे."

सगळ्या गप्प झाल्या. मीही झाले. व्याजाचं आणि अंतर्गत कर्जाचं गणित मला सांगता आलं असतं, पण मावशींचा प्रश्न गणिताचा नव्हता. संकट एवढं मोठं असताना आपल्या एवढ्याशा पैशाला किंमत ती काय, असं त्या विचारत होत्या.

त्या दिवशी मला उत्तर जमलं नाही. आज प्रयत्न करते. त्यासाठी मी तुम्हाला फार लांब नेणार आहे, नव्वद-पंचाण्णव वर्षं मागे, अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहरात. बी.ए.ला आम्हाला 'जागतिक महामंदी' हा धडा होता. त्यात शेअर बाजार होता, बँका होत्या, राष्ट्राध्यक्ष होते. त्या दिवसांत घराघरांत चूल कशी पेटली, हे मात्र त्यात नव्हतं. ते मी नंतर वाचलं, आणि मला मावशींचा प्रश्न आठवला.

डेट्रॉईट म्हणजे मोटारींचं शहर. फोर्डचा कारखाना तिथलाच. चांगल्या मजुरीसाठी देशोदेशीची माणसं तिथे आली होती. पोलंडहून, इटलीहून आली, आणि अमेरिकेच्याच दक्षिण भागातून कृष्णवर्णीय कुटुंबं मोठ्या संख्येनं आली. १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. आता शेअर बाजाराचा आणि कामगाराच्या चुलीचा काय संबंध, असं वाटेल. संबंध असा, की हात आखडला की माणूस सगळ्यात आधी मोटार घ्यायचं लांबणीवर टाकतो. १९२९ साली अमेरिकेत सुमारे ५३ लाख मोटारगाड्या बनल्या होत्या. १९३२ साली बनल्या जेमतेम १३ लाख. म्हणजे चार गाड्यांच्या जागी एक.

मोटार बनली नाही की कामगाराला मजुरी नाही. मजुरी नाही की किराणावाल्याची उधारी तुंबते. किराणावाला बुडाला की त्याच्या दुकानातला नोकर घरी बसतो. घरभाडं थकतं, घरमालकाचा कर थकतो, आणि कर आला नाही की नगरपालिकेकडे मदतीला पैसा उरत नाही. आपल्याकडे एक पीक गेलं की सुतारापासून शिंप्यापर्यंत सगळे कसे बसतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. तिथे पूर्ण शहराचं एकच पीक होतं, मोटार. तेच गेलं.

त्या काळी तिथे बेकारीचा विमा नव्हता, सरकारी रेशन नव्हतं. लोकांनी आपापले मार्ग काढले. १९३० मध्ये फ्रँक मर्फी महापौर झाले. त्यांनी बेकारांसाठी समिती नेमली, आणि शहरातल्या मोकळ्या जागा कुटुंबांना भाजीपाला लावायला दिल्या. डेट्रॉईटला हे नवं नव्हतं. १८९४ च्या सुमारास अशाच एका मंदीत तिथल्या पिंग्री नावाच्या महापौरांनी पडीक जागांवर बटाटे लावायला दिले होते. कापुचिन पंथाच्या मठात १९२९ पासून भुकेल्यांना सूप आणि पाव मिळू लागला आणि दारात रोज रांगा लागू लागल्या. भाडं थकलं की कुटुंबाचं सामान रस्त्यावर काढलं जाई. कधी कधी गल्लीतले लोक जमत आणि पलंग, टेबल, भांडी उचलून पुन्हा घरात नेऊन ठेवत.

१९३३ च्या फेब्रुवारीत तर कहर झाला. १४ तारखेला मिशिगन राज्याच्या गव्हर्नरांनी राज्यातल्या सगळ्या बँका बंद करायला लावल्या. पासबुकात आकडा आहे आणि हातात पैसा नाही, अशी गत झाली. नगरपालिकेकडेही रोकड उरली नाही, तेव्हा तिनं आपल्या नोकरांना पगार म्हणून स्वतः छापलेल्या चिठ्ठ्या दिल्या. मार्चमध्ये देशभरातल्याच बँका काही दिवस बंद राहिल्या. १२ मार्चच्या रात्री राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट रेडिओवर बोलले, आणि बँक म्हणजे काय, तिच्यात ठेवलेला पैसा कुठे जातो, हे त्यांनी घरातल्या माणसाशी बोलावं तसं समजावून सांगितलं. ठेवींना विम्याचं संरक्षण मिळायला मात्र १९३४ साल उजाडावं लागलं.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

या सगळ्यात सर्वांत जास्त पोळले ते कृष्णवर्णीय. कामावर घेताना त्यांना शेवटी घेत आणि काढताना सगळ्यांत आधी काढत. फोर्डनं त्यांना बऱ्याच संख्येनं कामावर घेतलं होतं, पण बहुतेकांच्या वाट्याला ओतशाळेतलं, भट्टीजवळचं काम आलं. राहायलाही शहरात कुठेही जागा मिळत नसे. हेस्टिंग्ज स्ट्रीटच्या आसपासची ठरावीक वस्तीच त्यांना मोकळी होती. जागा कमी आणि माणसं जास्त, त्यामुळे पडक्या खोलीलाही भरमसाट भाडं. मग ते भागवायला एक युक्ती असे. शनिवारी रात्री घरात गाणंबजावणं ठेवायचं, खायला करायचं, आणि येणाऱ्याकडून थोडे पैसे घ्यायचे. आज माझ्या भाड्यासाठी तू ये, पुढच्या वेळी तुझ्या भाड्यासाठी मी येईन.

पण एक गोष्ट तिथल्या बायकांना रोज खुपत होती. वस्तीतली बरीच दुकानं बाहेरच्या गोऱ्या मालकांची होती. त्या दुकानांचा गल्ला वस्तीतल्याच बायकांच्या पैशानं भरायचा, पण काउंटरमागे त्यांच्या मुलामुलींना काम मिळत नसे. पैसा चालायचा, माणूस चालत नव्हता.

फॅनी पेक या तिथल्या बेथेल चर्चच्या धर्मगुरूंच्या पत्नी. एका व्याख्यानात त्यांनी ऐकलं, की न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या गृहिणी एकत्र येऊन ठरवून खरेदी करतात. ते त्यांच्या डोक्यात बसलं. १० जून १९३० रोजी त्यांनी ५० बायकांना बोलावलं आणि 'हाउसवाइव्ज लीग ऑफ डेट्रॉईट' म्हणजे गृहिणींची संघटना सुरू झाली.

त्यांचा विचार अगदी साधा होता. घरात कमावणारा कुणीही असो, खर्च कोण करतं? पीठ, साबण, दूध, मुलांचे बूट कोण आणतं? घरखर्चातले शंभरातले ८५ भाग बायकांच्या हातून जातात, असं त्या सांगत. मग बायकांकडे सत्ता नाही, असं कसं म्हणायचं? सत्ता होतीच. ती पन्नास जणींच्या पन्नास पिशव्यांत विखुरलेली होती, एवढंच.

सभासद व्हायला पैसे लागत नव्हते, शब्द द्यावा लागे. आपल्या लोकांच्या दुकानातून घेईन, आपल्या लोकांनी बनवलेला माल वापरीन, आपल्या डॉक्टर-वकिलांकडे जाईन. वस्त्यावस्त्यांत शाखा निघाल्या. बायका घरोघर जाऊन समजावत. दोघीचौघी मिळून दुकानदाराकडे जात आणि विचारत, तुमच्याकडे अमुक माल का नाही? आमच्या शिकलेल्या मुलीला हिशेब लिहायला का घेत नाही? त्या मोर्चे काढत नसत, दुकानापुढे धरणं धरत नसत. बोलून पटवण्यावर त्यांचा भर होता. पण बोलणाऱ्या बाईमागे किती पिशव्या आहेत, हे दुकानदाराला कळत असे.

आपल्या माणसाचं दुकान म्हणून काहीही खपवून घ्यायचं, असंही नव्हतं. दुकान स्वच्छ हवं, माल चांगला हवा, गिऱ्हाइकाशी नीट बोललं पाहिजे, हा त्यांचा आग्रह असे. मालाची प्रदर्शनं भरवायची, कोणता माल कुणी बनवला ते दाखवायचं, अशी कामंही त्या करत.

चार वर्षांत ५० च्या १०,००० सभासद झाल्या. तेही मंदीच्या ऐन भरात.

इथे थोडा हिशेब करू. समजा, या दहा हजार जणींनी आठवड्याला फक्त एक डॉलरची खरेदी ठरवून केली. आठवड्याचे झाले दहा हजार डॉलर, वर्षाचे पाच लाख वीस हजार. यातला एकही डॉलर कुणी दान दिलेला नाही. साबण घ्यायचाच होता, तो कुठून घ्यायचा एवढंच ठरवलं. शिवाय बाहेरच्या दुकानात दिलेला डॉलर त्याच संध्याकाळी वस्तीबाहेर जातो. वस्तीतल्या दुकानात दिलेला डॉलर नोकराच्या पगारात जातो, तो नोकर वस्तीतल्याच न्हाव्याकडे जातो, न्हावी शिंप्याकडे जातो. एकच डॉलर चार चुली पेटवतो.

पुढे इतर शहरांतही अशा संघटना निघाल्या आणि १९३३ मध्ये राष्ट्रीय संघटना झाली. बेथेल चर्चच्या लोकांची पतसंस्थाही उभी राहिली, तिला फॅनी पेक यांचंच नाव दिलं गेलं. मोठ्या बँकांनी दारं लावलेली ज्यांनी पाहिली होती, त्यांना एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांची छोटी पेटी का हवीशी वाटली, हे आपल्या गटांना वेगळं सांगायला नको.

डेट्रॉईटला लागूनच हॅमट्रॅम्क नावाचं छोटं शहर आहे, तेव्हा तिथे पोलिश कामगारांची वस्ती होती. १९३५ च्या उन्हाळ्यात मांसाचे भाव फार चढले. मेरी झुक ही दोन मुलांची आई, नवरा मोटार कारखान्यातला बेकार कामगार. तिच्या पुढाकारानं बायकांनी ठरवलं, भाव २० टक्के उतरल्याशिवाय मांस घ्यायचं नाही. जुलैच्या अखेरीस त्या दुकानांपुढे उभ्या राहिल्या. डेट्रॉईटच्या लीगचा मार्ग समजुतीचा होता, यांचा अडवणुकीचा. काही ठिकाणी हिसकाहिसकी झाली, पुड्या रस्त्यावर फेकल्या गेल्या, अटका झाल्या. ऑगस्टमध्ये मेरी आणि आणखी काही जणी थेट वॉशिंग्टनला जाऊन शेतीमंत्र्यांना भेटल्या. पुढच्याच वर्षी, १९३६ मध्ये, मेरी झुक नगरपरिषदेवर निवडून आली. कालपर्यंत जी उधारीवर सामान आणत होती, ती शहराच्या कारभारात बसली.

आता उजेडाबरोबर अंधारही सांगायला हवा. या बायकांनी मंदी घालवली नाही. कारखाने त्यांच्या खरेदीनं सुरू झाले नाहीत. भेदभावही संपला नाही. आणि जिच्या हातात एक नाणंही नव्हतं, तिला हे दुकान की ते दुकान, असा प्रश्नच नव्हता. तिला सूपच्या रांगेशिवाय मार्ग नव्हता. पुढे कैक वर्षांनी हेस्टिंग्ज स्ट्रीटवरून मोठा महामार्ग गेला आणि ज्या दुकानांसाठी बायका दारोदार फिरल्या, त्यांतली बहुतेक जागेवरून पुसली गेली.

मग मिळालं काय? काही मुलींना दुकानात हिशेबाचं काम मिळालं. काही दुकानं तगली. आणि ज्या बाईला कालपर्यंत दुकानदार नुसता 'पुढे व्हा' म्हणायचा, तिला तो आता 'बोला' म्हणू लागला. बेकारीच्या दिवसांत माणसाचा पैसा जातोच, पण आपल्याला कुणी विचारत नाही हे जास्त जाळतं. निदान तेवढं तरी या बायकांनी होऊ दिलं नाही.

परवा मी त्या मावशींच्या घरी गेले. म्हटलं, "मावशी, तुमचं खरं आहे. शंभर रुपयांनी सोयाबीन परत येत नाही, पोराला कामही लागत नाही. पण तुमच्या कनवटीला ते शंभरच राहतात. गटात आले की त्यांना सोबत मिळते." मग डेट्रॉईटची गोष्ट सांगितली. त्यांनी चहा ठेवत सगळी ऐकली आणि शेवटी विचारलं, "त्या बायका लिहायला-वाचायला शिकलेल्या होत्या का?" मी म्हटलं, "काही होत्या, काही नसतील. पण पिशवी सगळ्यांकडे होती."

मावशी हसल्या. गटात राहतो, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "पुढल्या बैठकीला ही गोष्ट सगळ्यांना सांगा. आणि आपण तेल कुठून घेतो, तेही एकदा बोलू."

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत बचतीची वही मिटण्याआधी दहा मिनिटं काढा. महिन्याला आपल्या वीस घरांत तेल, साबण, चहा, मसाला किती लागतो, तो एका पानावर मांडा. गटातल्या कुणाचा मसाला आहे, कुणाचे पापड आहेत, तेही शेजारी लिहा. बेरीज करा आणि त्या आकड्याकडे जरा वेळ बघा. पुढचं काय करायचं, ते तुमचं तुम्हीच ठरवाल.