कुंडीतील माती : केव्हा बदलावी, कशी बदलावी

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. ओसरीवर वा गच्चीत ठेवलेल्या कुंड्यांना हा पाऊस जड जातो. जमिनीतील झाड मुळे दूरवर नेऊन अन्न शोधते; कुंडीतील झाडाला ओंजळभर मातीवरच निर्वाह करावा लागतो. पाण्याबरोबर नत्र व पालाश वाहून जातात, शेणखत कुजून संपते, माती घट्ट बसते आणि मुळांना हवा मिळेनाशी होते. भर न घालता भांडवल खात राहिलेल्या दुकानासारखीच ही अवस्था होय.

तथापि दरवर्षी सर्वच कुंड्या उपसण्याचे कारण नाही. पृथ्वीकाय व वनस्पतिकाय जीवांची हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही. मात्र निष्कारण भूमी खणणे व वनस्पती तोडणे यांची गणना आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त अनर्थदंडात केली आहे. म्हणून आधी गरज पाहावी. तळाच्या छिद्रातून मुळे बाहेर येणे, पाणी साचून राहणे किंवा न मुरता निघून जाणे, नवी पाने लहान व फिकट येणे, ही माती बदलण्याची लक्षणे होत. ती नसतील तर वरचा दोन इंच थर काढून तेथे चाळलेले शेणखत घालणे पुरेसे असते.

मृगाच्या पहिल्या सरींपासून आषाढी चौदशीला चातुर्मास बसेपर्यंतचा काळ या कामास उत्तम. हवेत ओलावा असतो आणि मुळे लवकर रुजतात. आदल्या दिवशी कुंडीला पाणी द्यावे. भरपूर उजेडात, कागद पसरून, कुंडी आडवी करून झाड हलक्या हाताने सोडवावे. केवळ कुजलेली मुळे कापावीत. गांडुळे दिसल्यास ती मातीच्या ढेकळासह अंगणातील ओल्या सावलीत सोडावीत. यत्नाचार तो हाच. जुनी माती उन्हात न तापवता एखाद्या मोठ्या झाडाच्या बुंध्याशी पसरावी.

नवी कुंडी जुनीपेक्षा दोन इंचच मोठी असावी; फार मोठ्या कुंडीत ओल साचून मुळे कुजतात. दोन भाग तांबडी माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत, एक भाग वाळू किंवा कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड हे मिश्रण तुळस, जास्वंद, मोगरा यांना मानवते. कोरफडीसाठी वाळू दुप्पट घ्यावी. विकतचे तयार मिश्रण घेताना मात्र पिशवीवरील घटक अवश्य वाचावेत व विक्रेत्याला विचारावे, कारण स्फुरदासाठी काही मिश्रणांत हाडांचा चुरा घातलेला असतो. त्याऐवजी खनिज रॉक फॉस्फेट चालते.

कुंडी काठोकाठ न भरता वर एक इंच जागा ठेवावी. पाणी देऊन झाड आठवडाभर सावलीत, पावसाच्या थेट धारेपासून दूर ठेवावे. महिनाभर वरखत देऊ नये. नवी पालवी फुटली की मुळांनी नवी माती धरली, असे समजावे.