लॅपटॉपचा मोबाइल स्टार्टर

घरच्या लॅपटॉपवर एआयला कोड लिहायला बसवायचं आणि आपण लोकलमधून फोनवर त्याला हाकायचं, ही सोय आता दुकानोदुकानी मिळते. ओपनएआयचा ‘कोडेक्स’, ‘कर्सर’, अँथ्रोपिकचा ‘क्लॉड कोड’ हे सगळे २०२५ सालातच फोनपर्यंत पोचले. फेब्रुवारी २०२६ मध्ये ‘क्लॉड कोड’ला जोडलेल्या ‘रिमोट कंट्रोल’ची गोष्ट मात्र थोडी वेगळी. आधीच्या बहुतेक सोयींत काम चालायचं कंपनीच्या सर्व्हरवर. इथे ते तुमच्याच यंत्रावर, तुमच्याच फायलींवर चालतं. क्यूआर कोड स्कॅन केला की फोनवर त्याच संभाषणाची खिडकी उघडते. बाहेरून कुणी आत यावं असं दार लॅपटॉप उघडत नाही. ‘काही निरोप आहे का?’ असं तोच कंपनीच्या सर्व्हरला विचारत राहतो.

डहाणू तालुक्यातल्या सरावलीहून मुंबईला नोकरीला जाणाऱ्या प्रोग्रामरसाठी ही चैन नव्हे. विरारपुढची लोकल डहाणू रोडपर्यंत आली ती २०१३ मध्ये. चर्चगेट तिथून सुमारे १२४ किलोमीटर. गर्दीत लॅपटॉप उघडायला मांडी मोकळी हवी. फोनला अंगठा पुरतो.

पण दुरून यंत्र हाकण्याची ही विद्या महाराष्ट्राला नवी नाही. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांचं ‘नॅनो गणेश’ आठवा. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरला मोबाइलचं यंत्र जोडायचं; शेतकऱ्याने घरून फोन लावून ठरलेला कोड दाबायचा; मोटार सुरू. २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत या यंत्राने बक्षीस पटकावलं. सिलिकॉन व्हॅलीत ज्याला आज क्रांती म्हणतात, तिचा सांगाडा शेतीपंपांवर तेव्हाच उभा होता, असं म्हटलं तर थोडी अतिशयोक्ती होईल. थोडीच.

कारण ओस्तवालांनी सोडवलेला प्रश्न नुसता बटणाचा नव्हता. रात्री-बेरात्री शेतावर जायचं आणि तिथे पोचल्यावर लाईटच नाही, हे खरं दुखणं. म्हणून त्यांचं यंत्र आधी तिथे वीज आहे की नाही, मोटार चालू आहे की बंद, याची खबर देतं. हुकूम नंतर. कोडिंगच्या अ‍ॅपांची परीक्षा याच कसोटीवर व्हायला हवी. हुकूम सोडणं त्यांना छान जमतं. खबर द्यायची पाळी आली की सहा इंची पडदा अपुरा पडतो. एआयने चौदा फायलींत फेरफार केले आणि ‘पुढे जाऊ का?’ असं विचारलं, तर केळवे रोडला उतरणाऱ्यांच्या रेट्यात उभा असलेला माणूस त्यातलं काय वाचणार? तो ‘हो’ दाबतो.

त्यापुढची पायरी म्हणजे विचारूच नकोस, असं सांगून टाकणं. ‘क्लॉड कोड’मध्ये सगळ्या परवानग्या वगळण्याचा पर्याय आहे आणि त्याच्या नावातच कंपनीने ‘डेंजरसली’ हा शब्द घालून ठेवला आहे. शेतकऱ्यांना हा मोहही ठाऊक आहे. लाईट आली की आपोआप मोटार सुरू करणारा ऑटोस्विच अनेक पंपांवर असतो. एकाच वेळी सगळ्या मोटारी उचलल्या की रोहित्रावर भार येतो आणि ते जळतं, म्हणून ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा, असं महावितरण वर्षानुवर्षं विनवत आलं आहे.

सॉफ्टवेअरमधलं रोहित्र जुलै २०२५ मध्ये जळालं. सॉफ्टवेअर उद्योजकांच्या ‘सास्टर’ या समूहाचे संस्थापक जेसन लेमकिन ‘रेप्लिट’ या कोडिंग सेवेच्या एआय एजंटकडून अ‍ॅप बनवून घेत होते. काहीही बदलू नकोस, असं बजावलेलं असताना एजंटने चालू डेटाबेस पुसून टाकला. त्यात बाराशेहून अधिक कंपनी अधिकाऱ्यांच्या नोंदी होत्या. वर ‘आता परत आणता येणार नाही’ असंही सांगितलं. ते खोटं निघालं, माहिती परत आली. यात फोनचा काही दोष नव्हता. पण पडद्यावर डोळे लावून बसलेल्यालाही जे आवरलं नाही, ते डब्यात लोंबकळत एका अंगठ्याने आवरेल, असं मानायला बराच भाबडेपणा लागतो.

डहाणूकडची आणखी एक अडचण कॅलिफोर्नियातल्यांच्या ध्यानात येणं कठीण. लॅपटॉप घरी असल्यामुळे घरची वीज गेली, राउटर बंद पडला, की फोनवरची खिडकी आंधळी होते. साधारण दहा मिनिटांपलीकडे नेट नसेल तर चालू सत्रच संपतं. तेव्हा पावसाळ्यात हा प्रयोग करणाऱ्याने राउटर आधी इन्व्हर्टरवर घ्यावा. उलट बाजूचा प्रश्न, म्हणजे प्रवासात फोनची रेंज जाण्याचा, बराच जुना. एमआयटीतल्या कीथ विन्स्टीन आणि हरी बालकृष्णन यांनी २०१२ मध्ये ‘मॉश’ हे सॉफ्टवेअर आणलं ते त्यासाठीच: नेट तुटलं, बदललं, तरी दूरच्या यंत्राशी चाललेलं काम जिथल्या तिथे सापडतं. मुख्य म्हणजे ते फुकट आहे.

लेमकिन प्रकरणानंतर रेप्लिटचे प्रमुख अमजद मसाद यांनी प्रयोगाचा आणि चालू वापराचा डेटाबेस आपोआप वेगळा ठेवण्याची तजवीज जाहीर केली. घरच्या लॅपटॉपवर ही विभागणी कोणी करून देत नाही. चालू डेटाबेसचा पासवर्ड त्या यंत्रावर ठेवायचाच नाही, एआयला कोडच्या वेगळ्या शाखेवर (ब्रँचवर) काम द्यायचं, गाडीत फक्त चाचण्यांचे निकाल वाचायचे आणि मूळ कोडमध्ये भर घालायची ती घरी, मोठ्या पडद्यासमोर बसून; एवढी शिस्त ज्याची त्याने पाळायची आहे.