जुनी जीप घेताना (भाग ५) : काळ्या रंगाखाली काय दडलंय?

अमळनेर-चोपडा पट्ट्यात जुनी जीप किंवा जिप्सी दाखवणारा एजंट हमखास एक वाक्य ऐकवतो : "खान्देशची गाडी आहे, गंज कुठला!" वाक्य अर्धं खरं आहे. जळगाव जिल्ह्यात वर्षाला सरासरी सहा-सातशे मिलिमीटर पाऊस, रत्नागिरीत तीन हजारांच्या पुढे. समुद्राची खारी हवाही इथवर येत नाही. लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू लागतो. त्यात मीठ मिसळलं की कामाला वेग येतो. त्यामुळे एमएच १९ किंवा एमएच १८ची गाडी एमएच ०८पेक्षा बरी, हा हिशेब ढोबळमानाने बरोबर आहे.

पण तिने आयुष्यभर वाहिलं काय? केळीच्या बागेला पोटॅश लागतो, आणि सर्वाधिक वापरातला पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड. क्लोराईड समुद्रातलं असो की खताच्या गोणीतलं, पत्र्याला दोन्ही सारखंच खातं. फाटक्या गोणीतून सांडलेलं खत मागच्या फ्लोअरच्या सांध्यात शिरतं, पावसाच्या पाण्यात विरघळतं आणि तिथेच मुरतं. त्यात आपली काळी माती. मडगार्डच्या घडीत आणि चासीच्या कोपऱ्यात बसलेला चिखल वरून वाळलेला दिसतो, आतून मात्र कित्येक दिवस ओल धरून असतो. शेतावरची जीप पाहायला जाताना सोबत पेचकस न्यावा आणि आधी तो चिखल खरवडून काढावा. मालकाने हरकत घेतली, तर त्या हरकतीचीही नोंद घ्यावी.

दुसरी गोष्ट नंबराची. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात गाडी फिरली तर नंबर तोच राहतो. परराज्यातून आली तर इथे नवा मिळतो. म्हणून १९९८ सालची जिप्सी आणि नंबर मात्र २०१०च्या सुमाराच्या मालिकेतला, असं दिसलं की ती बाहेरून आली किंवा लष्कराच्या लिलावातून सुटली, असं समजावं. लष्कराची असेल तर फारसं बिघडत नाही. सुरतेची असेल तर थांबावं. अमळनेरहून तापीकाठाने सरळ पश्चिमेला गेलं की सुरत. आणि ऑगस्ट २००६मध्ये याच तापीच्या पुराने ते शहर बुडवलं होतं. मुंबईच्या जुन्या गाड्यांबाबत २६ जुलै २००५ची तारीख लक्षात ठेवावी. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाण्याखाली गेलेली गाडी बाहेरून चकचकीत करता येते, पण सीटचे बोल्ट, डॅशबोर्डमागच्या पट्ट्या आणि वायरिंगचे जोड सहसा कुणी साफ करत बसत नाही.

आता गाडीखाली शिरायचं. त्यासाठी वॉशिंग सेंटरचा रॅम्प उत्तम. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नये.

जीप आणि जिप्सी यांत इथे मोठा फरक पडतो. महिंद्राच्या जुन्या जीपच्या चासीचा बराचसा भाग उघड्या 'सी' आकाराचा आहे. तिची प्रकृती डोळ्यांना दिसते. १९८५च्या अखेरीस आलेल्या मारुती जिप्सीची चासी पेटीसारखी बंद. पाणी-माती भोकांतून आत जाते आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर फोड दिसेपर्यंत आतली निम्मी जाडी गेलेली असू शकते. म्हणून जिप्सीवर हातोडी हलकेच वाजवत पुढून मागे जावं. खणखणीत आवाज येता येता मध्येच 'बद्द' झाला, की तिथे पेचकसाचं टोक दाबावं. वरचा तांबूस थर बोटाने पुसला जात असेल तर चिंता नाही. कळण्याच्या भाकरीचा पापुद्रा सुटावा तसे थर निघत असतील, तर प्रकरण वेगळं.

गंज किती, यापेक्षा गंज कुठे, हे महत्त्वाचं. ब्रिटनमधल्या एमओटी या वार्षिक तपासणीत यासाठी सोपी मोजपट्टी आहे : स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन आणि सीटबेल्ट जिथे बसवलेले असतात, त्यापासून ३० सेंटिमीटरच्या आत लोखंड कमजोर झालेलं असलं की गाडी नापास. आपल्याकडे ही मोजपट्टी जशीच्या तशी वापरावी. जीप-जिप्सीचे पाटे ज्या शॅकलवर लटकतात त्या जागा, स्टिअरिंग बॉक्सचा पाया आणि बॉडीचे माउंटिंग, एवढ्या जागी वेळ घालवला तरी निम्मं काम झालं. दाराच्या तळाला पडलेलं भोक दिसायला भयंकर, पण ते डेंटरचं काम. जीपची तर अख्खी बॉडी नवी मिळते. हरियाणातल्या मंडी डबवालीहून नव्या बॉडीच्या जीपा देशभर जातात. मात्र नव्या बॉडीखालची चासी किती जुनी, ते बॉडीकडे बघून कळत नाही.

वेल्डिंग दिसलं म्हणून गाडी सोडू नये. पन्नाशीकडे झुकलेल्या जीपला एकही पट्टी नाही, हीच संशयाची गोष्ट. पट्टी कशी मारली ते पाहायचं. चांगल्या कामात गंजका भाग कापून काढलेला असतो, नवा पत्रा मूळच्याच जाडीचा असतो आणि शिवण चारही बाजूंनी सलग फिरलेली असते. एमओटीचाही आग्रह सलग शिवणीचाच. चार टाके मारून वर रंग फासलेला तिथे चालत नाही. वाईट काम ओळखायला उजेड पुरतो : शिवणीत बारीक छिद्रं, कडेला खाल्लेला मूळ पत्रा, भोवती चिंगाऱ्यांचे थेंब. काही ठिकाणी शिवण ग्राइंडरने गुळगुळीत केलेली दिसते. ते हौसेचं काम. त्यात जोडाची जाडीच कमी होते. पातळ पत्र्यावर सीओटू वेल्डिंग नीट बसतं, रॉडने तो जळून भोकं पडतात. आणि चासीच्या वरच्या-खालच्या कडेवर आडवी, सरळ शिवण असेल तर तिथेच तडा जाण्याचा धोका असतो. जाणकार वेल्डर म्हणूनच पट्टीची टोकं तिरपी कापतो.

सगळ्यात जास्त संशय ताज्या काळ्या रंगावर घ्यावा. बाकी चासी धुळकट आणि मागचे दोन फूट डांबरासारखे काळेभोर, तर विक्रेत्याने बोट कुठे ठेवायचं ते स्वतःच दाखवलं आहे. बॉडीवर लोहचुंबक फिरवावं. जिथे ते धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली असते. शेवटी टेप काढून पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यातलं अंतर दोन्ही बाजूंनी मोजावं. जिप्सीत ते २३७५ मिलिमीटर असतं. चाकं सरळ ठेवून मोजल्यावर डाव्या-उजव्यात बोटभर फरक आला, तर चासी वाकली आहे किंवा जोडताना चुकली आहे.

गंजलेली चासी ही काही फक्त गरिबाघरची व्यथा नाही. टोयोटाने २००८मध्ये अमेरिकेत १९९५ ते २००० या सालांतल्या टॅकोमा पिकअपसाठी फ्रेमच्या गंजाची हमी वाढवली आणि फार खराब गाड्या बाजारभावाच्या दीडपटीने परत घेतल्या. आपल्याकडे जुन्या जीपला असा वाली नाही, त्यामुळे दुरुस्तीचा खर्च सौद्यातच वळता करून घ्यावा लागतो. चासीचं काम निघालं तर बॉडी उतरवणं, वायरिंग काढणं, पुन्हा रंग देणं हे सगळं आलंच. वेल्डरची मजुरी त्यात सगळ्यात कमी भरते.

एका ठिकाणी मात्र घासाघीस करू नये. चासी नंबर कोरलेल्या जागेभोवती वेल्डिंगची शिवण असेल, अंक वर-खाली असतील किंवा तेवढाच तुकडा वेगळ्या जाडीचा वाटत असेल, तर गाडी सोडून द्यावी. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करताना गाडी निरीक्षकासमोर उभी राहते आणि नंबर ताडून पाहिला जातो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. आरसी, ना हरकत प्रमाणपत्र आणि लिलावातल्या गाड्यांची कागदपत्रं पुढच्या भागात.