सव्वीस वर्षांची गाडी, विद्यार्थिनीचा खिसा

गेल्या गणेशोत्सवात महाप्रसादाच्या रांगेत उभा असताना मंडळाच्या एका जुन्या सभासदांनी मला बाजूला घेतले. त्यांचा चेहरा पाहून मला वाटले, भारतातून कुणाच्या तरी प्रकृतीची बातमी आली असावी. ते हळूच म्हणाले, "अहो, आमच्या चिरंजीवांना जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची आहे. तुमच्या मुलीने घेतली होती ना? तुम्ही परवानगी तरी कशी दिलीत?" पानातला वरणभात पार गार होईपर्यंत मी बोलत राहिलो. त्यानंतर आणखी दोघांचे फोन आले. तेव्हा म्हटले, एकदा सविस्तर लिहूनच टाकावे.

पहिली गोष्ट, परवानगी मी दिली नव्हती. 2018 साली आमची कन्या इथे ओहायोतल्या विद्यापीठात दुसरे वर्ष संपवून घरी आली, ती दोन उन्हाळ्यांच्या नोकरीतून साठवलेले 5,600 डॉलर आणि एका गाडीचे फोटो घेऊन. पैसे तिचे, वय एकोणीस. नाही म्हणण्याचा मला फारसा हक्क उरला नव्हता. सौ. म्हणाल्या, "तुम्ही नाही म्हणालात तरी ती घेणारच, मग निदान बघून तरी घेऊ दे." शेवटी तह झाला तो असा: विम्याचा वाढीव हप्ता मी भरायचा, बाकी एक सेंटही द्यायचा नाही, मात्र गाडीखाली जायचे ते दोघांनी मिळून.

गाडी होती माझ्दा मियाता. वाचकांपैकी अनेकांनी ती रस्त्यावर पाहिली असेल: दोन आसने, कापडी टप, आणि पहिल्या पिढीच्या गाडीला झाकणातून बेडकासारखे वर येणारे दिवे. 1979 च्या सुमारास बॉब हॉल या अमेरिकन मोटार-पत्रकाराने माझ्दाच्या केनिची यामामोटो यांना सुचवले की जुन्या इंग्लिश पद्धतीची हलकी, उघडी, स्वस्त गाडी आता कोणीच करत नाही, तुम्ही करा. दहा वर्षांनी, 1989 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती अवतरली. जपानी अभियंत्यांनी तिच्यासाठी घोडा आणि स्वार एकजीव होण्याची कल्पना डोळ्यांपुढे ठेवली होती. आपल्याकडे ज्याला मांड पक्की असणे म्हणतात, तेच. इंजिन 1.6 लिटरचे, ताकद 116 अश्वशक्ती, वजन जेमतेम हजार किलो. आजच्या साध्या कौटुंबिक गाडीतही याहून जास्त ताकद असते. गंमत आहे ती हलकेपणात. 2016 मध्ये दहा लाखावी मियाता तयार झाली, त्यामुळे सुटे भाग मुबलक आणि स्वस्त. विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा गुण अश्वशक्तीपेक्षा मोठा.

पहिली पाहिलेली गाडी 1990 ची होती. लाल, चकचकीत, आणि मालक फार गोड बोलणारा. लेकीने आधीच अभ्यास करून ठेवला होता. तिने बॉनेट उघडून टॉर्च मारला आणि पुढच्या पुलीवरच्या खाचा मोजल्या. चार. सुरुवातीच्या, म्हणजे 1990 च्या आणि 1991 च्या आरंभीच्या इंजिनांत क्रँकशाफ्टचे पुढचे टोक आखूड असे. टायमिंग बेल्ट बदलताना तिथला बोल्ट नीट आवळला गेला नाही, तर पुली लडबडते, चावीची खाच झिजते आणि शेवटी क्रँकशाफ्टच बाद होतो. चार खाचांची पुली म्हणजे आखूड टोक, आठ खाचांची म्हणजे पुढे सुधारलेले. सगळीच चार खाचांची इंजिने बिघडत नाहीत, पण या गाडीची पुली चालू इंजिनात डोळ्यांना दिसेल इतकी डुलत होती. आम्ही चहा न घेता निघालो.

शेवटी 1992 ची पांढरी गाडी 3,400 डॉलरना मिळाली, तीही दक्षिणेला टेनेसीतून. ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि या गाडीचा काळ म्हणजे गंज. टपाच्या मागे दोन्ही बाजूंना पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या असतात. त्यात पालापाचोळा अडकला की पाणी दाराखालच्या पोकळ पट्टीत साचते आणि पत्रा आतून खातो. बाहेरून रंग शाबूत, आत चाळण. परीक्षा सोपी आहे: बाटलीभर पाणी त्या नळीत ओता आणि मागच्या चाकाच्या पुढे खाली पडते का ते पाहा. पडले नाही, तर विचार करा. ही पट्टी गाडीच्या सांगाड्याचा भाग असते आणि ती कापून नवी जोडण्याचा खर्च गाडीच्या किमतीच्या घरात जातो. आमच्या गाडीतून पाणी स्वच्छ पडले. मी मोठ्या ऐटीत टायरही तपासले. इथल्या पद्धतीप्रमाणे एक सेंटचे नाणे खाचेत उलटे घातले, लिंकनचे डोके पुरेसे झाकले गेले. टायर उत्तम, असा निर्वाळा देऊन टाकला.

आता जी गोष्ट सांगायची आहे तिच्यात दोष माझा आहे.

गाडी आणल्यानंतरच्या दुसऱ्याच आठवड्यात पहिला पाऊस पडला. ती हायवेवरून आमच्या घराच्या उतारावर वळत होती. वेग फार नव्हता, असे ती म्हणते आणि माझा विश्वास आहे. मागची चाके सुटली, गाडीने अर्धी गिरकी घेतली आणि बाजूच्या गवतात उलट तोंड करून उभी राहिली. कुणाला काही झाले नाही. मागून ट्रक येत नव्हता, एवढेच. मी पोचलो तेव्हा ती छत्री न घेता टायरसमोर उकिडवी बसली होती. म्हणाली, "बाबा, हे वाचा."

प्रत्येक टायरच्या बाजूला डी-ओ-टी या अक्षरांनंतर आकड्यांची आणि अक्षरांची रांग असते. 2000 सालापासून तिच्या शेवटी चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या टायरवर होते 2308. म्हणजे 2008 सालचा तेविसावा आठवडा. दहा वर्षांचे रबर. वापर कमी झाल्यामुळे खाचा शाबूत, पण रबर वाळून टणक झालेले. नख दाबले तर वण उठत नव्हता. काही वाहन कंपन्या सहा वर्षांनी टायर बदला म्हणतात, आणि दहा वर्षे ही तर कमाल मर्यादा मानतात. मी इंजिनिअर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मामांच्या वर्कशॉपमध्ये माझे बालपण गेले. आणि मी नाण्याने टायर पास केला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तोपर्यंत तिच्या वहीत सुधारणांची यादी होती ती अशा क्रमाने: टर्बो, एक्झॉस्ट, मोठी चाके. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ते पान फाडले. मी सांगितले नव्हते.

तरुण मुलांना समजावून सांगायचे असेल तर येथून सुरुवात करावी. प्रत्येक टायर जमिनीला साधारण तळहाताएवढ्या जागेवर टेकतो. असे चार तळहात. गाडी पळते, वळते, थांबते ती केवळ त्यांच्या जोरावर. ब्रेक चाक थांबवतो. गाडी थांबवतो टायर. म्हणून पहिले पैसे तिथे. 14 इंची मूळ चाकेच ठेवली. त्या मापाचे टायर स्वस्त पडतात आणि मोठे चाक म्हणजे बहुधा जास्त वजन. चार टायर, बसवून, 410 डॉलर. गाडी दुसरीच झाली.

ब्रेकबाबत आमचे मतभेद झाले. 1994 पासून मियातात 1.8 लिटरचे इंजिन आले आणि त्याबरोबर मोठ्या डिस्क; पुढची 235 मिलिमीटरची 255 झाली. जुन्या गाडीला नव्या मापाचे ब्रॅकेट, डिस्क आणि पॅड लावले की जुनेच कॅलिपर चालतात, त्यामुळे ही सुधारणा फार लोकप्रिय आहे. पण मोठ्या डिस्कने गाडी आधी थांबते हा समज चुकीचा. जुना ब्रेकही चाक लॉक करू शकत असेल, तर एका थांब्यापुरते अंतर टायरच ठरवतो. मोठी डिस्क जास्त उष्णता पचवते, म्हणून पुन्हापुन्हा जोरात ब्रेक लावताना तिचा उपयोग. रोजच्या वापराला त्याहून महत्त्वाचे म्हणजे ब्रेक ऑइल. ते हवेतली ओल शोषून घेते. ताजे डॉट-4 किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शोषलेल्याची हीच हमी 155 अंशांवर येते. उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल जमिनीला टेकते. आमच्या गाडीतून निघालेले ऑइल काळ्या चहासारखे होते. नवे ऑइल, कालांतराने तडकणाऱ्या रबरी नळ्यांच्या जागी नव्या नळ्या आणि चांगले पॅड, एवढे पुरे असे माझे मत. तिने अपघातात मोडलेल्या एका 1995 च्या गाडीचे ब्रॅकेट मिळवून मोठ्या डिस्कही लावल्या. ते 200 डॉलर वाचले असते, असे मला अजून वाटते. तिला वाटत नाही.

टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती मागच्या मालकाकडे नव्हती. 60,000 मैलांनी तो बदलायचा असतो. या 1.6 इंजिनात एक बरे आहे: बेल्ट तुटला तरी पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळत नाहीत, इंजिन नुसते बंद पडते. पण ते हायवेवर बंद पडावे अशी कुणाची इच्छा असेल? बेल्ट, पाण्याचा पंप, ऑइल सील, होजपाइप असे सगळे एकदम केले. गॅरेजवाल्याने 900 डॉलर सांगितले होते; आमचे सामान 230 मध्ये आले आणि दोन शनिवार-रविवार गेले. महागडी हत्यारे विकत घेऊ नयेत. सुट्या भागांची मोठी दुकाने अनामत ठेवून ती उसनी देतात. मात्र दोन गोष्टींत काटकसर नको: टॉर्क रेंच आणि जॅक स्टँड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, क्षणभरही जायचे नाही. स्टँड लावून, गाडी हलवून पाहून मगच.

मामा इंजिन खोलताना प्रत्येक बोल्ट ज्या क्रमाने निघेल त्या क्रमाने फळीवर मांडत असत. मी हे लेकीला सांगितले. संध्याकाळी स्वयंपाकघरातून हाक आली, "माझं इडलीपात्र कुठे गेलं?" ते गॅरेजमध्ये होते. चार ताटल्या, प्रत्येकीत चार वाट्या, प्रत्येक वाटीत एका जागेचे नट, बोल्ट आणि वायसर. याहून सोयीची वस्तू कुठल्याही हत्यारांच्या दुकानात मिळत नाही. सौ.चे मत वेगळे होते.

आणि टर्बो? त्याबद्दल पालकांनी नुसते "नको" म्हणू नये, हिशोब मांडावा. टर्बो जास्त हवा आत ढकलतो. जास्त हवेला जास्त पेट्रोल लागते, म्हणजे इंजेक्टर बदला. दोन्ही जुळवायला कॉम्प्युटर बदला. उष्णता वाढते, रेडिएटर बदला. क्लच घसरतो, तो बदला. यानंतरही 1.6 गाडीचा मागचा डिफरन्शियल लहान आहे, तो एक दिवस दाते टाकतो. स्वस्त संच ही फक्त प्रवेश फी. इनटेकच्या चमकदार नळ्यांनी तर मुख्यतः आवाज वाढतो. एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणे अमेरिकन कायद्याने गुन्हा आहे, हेही मुलांच्या कानावर घालावे. आणि केलेला प्रत्येक बदल विमा कंपनीला कळवावा. आम्ही कळवला, न कळवल्याचे कारण पुढे करून दावा नाकारला, तर नुकसान आई-वडिलांच्या पॉलिसीचे.

तिने उरलेल्या पैशातून शॉक अॅब्सॉर्बर घेतले. मूळचे सव्वीस वर्षांचे असावेत. हाताने दाबले की दांडा आत जाई तो परत येतच नसे. स्प्रिंग दाबून धरण्याचे काम मात्र आम्ही दुकानात करून घेतले. दाबलेली स्प्रिंग निसटली तर जबडा फोडते, तिथे साठ डॉलर वाचवू नयेत. व्हील अलाइनमेंट यानंतर करायची असते. आम्ही घाईने आधीच केली होती, त्यामुळे ती दोनदा झाली. नव्वद डॉलर पाण्यात.

डोक्यामागचा लोखंडी रोल बार तिने पुढच्या उन्हाळ्यात घेतला, जुना, त्यावरच्या जाड पॅडिंगसकट. उघड्या गाडीत तो हवाच. पण पॅडिंग नसेल तर तोच डोक्यावर आदळतो.

वेगाची हौस भागवायला तिने ऑटोक्रॉस शोधून काढले. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका ही 1944 साली स्थापन झालेली संस्था मोकळ्या पार्किंग लॉटमध्ये प्लॅस्टिकचे शंकू मांडून या स्पर्धा भरवते. एका वेळी एकच गाडी, घड्याळाशी शर्यत, चुकलात तर शंकू पडतो. पहिल्या रविवारी मी डबा घेऊन गेलो होतो. तिने पाच फेऱ्यांत अकरा शंकू पाडले आणि ओल्या डांबरावर मागची चाके सुटली तेव्हा, त्या उतारावर जमले नव्हते ते, गाडी सावरून घेतली. आपण रस्त्यावर शिकू नये ते शिकायची ही जागा आहे, असे मी शेजारच्या एका गृहस्थांना सांगत होतो. त्यांनी मला त्यांच्या गाडीत बसायला बोलावले. दोन फेऱ्यांनंतर माझ्या पोटातल्या पोळीभाजीने तक्रार केली.

2021 मध्ये तिचे शिक्षण संपले आणि ती नोकरीला उत्तर कॅरोलिनात गेली, गाडीसह. मध्यंतरी फोनवर म्हणाली, "बाबा, क्लच खाली बसला होता." या गाड्यांत क्लचचा स्लेव्ह सिलिंडर गळतो, दोन बोल्टचे काम, भाग तीसेक डॉलरचा. मी म्हटले, "थांब, शनिवारी येतो." ती म्हणाली, "होता म्हणाले मी. मंगळवारीच झालं."

इडलीपात्र तिच्याकडेच आहे. सौ.नी नवे घेतले.