केबिन बॅग आधी रिकामी उचलून पाहा

देशांतर्गत विमानात इकॉनॉमीच्या प्रवाशाला साधारणपणे 7 किलोची एकच हातबॅग नेता येते. लांबी, रुंदी आणि जाडी यांची बेरीज 115 सेंटिमीटरच्या आत हवी, आणि त्या मापात चाकं, मूठसुद्धा धरतात. म्हणजे अडीच किलोची चाकांची बॅग घेतली, तर सामानाला उरतात जेमतेम साडेचार किलो! म्हणून दुकानात रंग बघण्याआधी बॅगेचं रिकामं वजन विचारा.

चाकं आणि आत सरकणारा दांडा यांचंच वजन बरंच असतं. खांद्याला त्रास नसेल तर बिनचाकाची कापडी बॅग घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पाठ किंवा गुडघे दुखत असतील तर मात्र चाकांचीच घ्या. तिथे वजनाचा हट्ट नको.

कापडावर ‘डेनिअर’चा आकडा असतो: 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तितका धागा जाड. पण एकाच जाडीचं नायलॉन घासटण्याला पॉलिएस्टरपेक्षा चांगलं टिकतं, हे लक्षात ठेवा. बॅग बहुधा चेनपाशी आणि पट्ट्याच्या शिवणीपाशीच दगा देते, तिथे ओढून बघा.

मऊ बॅग अरुंद जागेतही दाबून बसते; पण बाहेरचे कप्पे ठासून भरले तर ती फुगते आणि मापाबाहेर जाते.

पॉवर बँक बॅगेच्या वरच्याच कप्प्यात ठेवा. बॅग ऐनवेळी विमानाच्या पोटात टाकायला मागितली, तर पॉवर बँक आधी काढून स्वतःजवळ घ्या.