तटस्थ आयर्लंडमध्ये कोसळलेली विमाने

युद्धात न उतरण्याचा निर्णय एखाद्या देशाला संसदेत एका ठरावाने घेता येतो. परंतु लढणाऱ्या राष्ट्रांची विमाने रात्रंदिवस त्याच्या किनाऱ्यालगत ये-जा करीत असतील, तर त्या निर्णयाची कसोटी शेतात, दलदलीत किंवा डोंगरउतारावर लागते. तिथे इंधन संपलेले वा धुक्यात वाट चुकलेले लष्करी विमान येऊन आदळते, आणि त्यातून बाहेर पडलेल्या परक्या सैनिकाचे काय करायचे, हे गावचा पोलीस शिपाई, जवळच्या छावणीतला अधिकारी आणि राजधानीतला मंत्री यांना काही तासांत ठरवावे लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या सहा वर्षांत आयर्लंडवर हा प्रसंग दीडशेहून अधिक वेळा आला. त्या घटनांतून तटस्थतेचे प्रत्यक्ष रूप जितके स्पष्ट दिसते, तितके त्या काळातल्या राजनैतिक पत्रव्यवहारातूनही क्वचितच दिसत असेल.

मुळात कायदाच विमानाच्या बाबतीत अपुरा होता. १९०७ च्या हेग परिषदेतील पाचव्या करारानुसार, लढणाऱ्या देशाचे सैनिक तटस्थ भूमीवर आले तर त्यांना स्थानबद्ध करणे, म्हणजे युद्ध संपेपर्यंत रणभूमीपासून दूर पहाऱ्यात ठेवणे, हे यजमान देशाचे कर्तव्य ठरले. त्याच परिषदेच्या तेराव्या कराराने युद्धनौकेला तटस्थ बंदरात सामान्यतः चोवीस तास थांबण्याची मुभा दिली. व्यापारी जहाजांवर असे बंधन नव्हते, आणि त्याचे आपल्या किनाऱ्यावरचे उदाहरण मुरगावचे आहे. १९३९ मध्ये युद्धाला तोंड फुटताच ‘एरेनफेल्स’, ‘ड्राखेनफेल्स’ आणि ‘ब्राउनफेल्स’ ही जर्मन मालवाहू जहाजे तटस्थ पोर्तुगालच्या अमलाखालील गोव्यात आश्रयाला आली आणि मार्च १९४३ मध्ये कलकत्त्याच्या स्वयंसेवक घोडदळातील माणसांनी छापा घालेपर्यंत तिथेच नांगरून राहिली. विमान मात्र या कोणत्याच चौकटीत नीट बसत नव्हते: ते सैनिकासारखे पायी येत नाही, आणि एकदा जमिनीवर आदळले की नौकेसारखे चोवीस तासांत निघूनही जाऊ शकत नाही. १९२३ मध्ये हेग येथे हवाई युद्धाच्या नियमांचा एक मसुदा तयार झाला आणि त्यात लष्करी विमान अडवून त्याच्या चालकदलाला स्थानबद्ध करण्याची जबाबदारी तटस्थ देशावर टाकण्यात आली; पण त्या मसुद्याला राष्ट्रांची अंतिम मान्यता कधीच मिळाली नाही. त्यामुळे १९३९ मध्ये तटस्थ राहिलेल्या देशांना प्रत्येक अपघातात जुन्या करारांचा अर्थ नव्याने लावावा लागला.

आयर्लंडची स्थिती तर विशेषच नाजूक होती. ब्रिटनच्या ताब्यातील तीन नाविक बंदरे आयर्लंडला परत मिळून जेमतेम वर्ष उलटले होते. उत्तरेकडील सहा काउंट्या, म्हणजे जिल्हे, फाळणीनंतर ब्रिटनकडेच राहिले असल्यामुळे तिथे ब्रिटिश आणि पुढे अमेरिकी विमानतळ उभे राहिले. आणि कोळशापासून पेट्रोलपर्यंत बहुतेक गरजांसाठी देश ब्रिटनमार्गे येणाऱ्या मालावर अवलंबून होता. पंतप्रधान ईमन डी व्हॅलेरा यांना उघडपणे ब्रिटनची बाजू घेता येत नव्हती, कारण तसे केल्यास नुकतेच मिळालेले स्वातंत्र्य नावापुरते ठरले असते. आणि ब्रिटनला दुखावणेही परवडत नव्हते, कारण त्या बंदरांसाठी लंडनहून सैन्य येण्याची भीती खरी होती. त्यांच्याशी वाटाघाटी करणारे ब्रिटनचे डब्लिनमधील प्रतिनिधी सर जॉन मॅफी हे पूर्वी हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्द प्रांताचे मुख्य आयुक्त होते, आणि अवघड सरहद्द सांभाळण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

या नाजूक धोरणाची अंमलबजावणी साध्या माणसांच्या हातून होत असे. किनाऱ्यावर सुमारे ऐंशी टेहळणी चौक्या उभारून त्यांवर स्थानिक माणसे नेमण्यात आली होती. दिसलेले प्रत्येक विमान व जहाज वहीत नोंदवायचे आणि दूरध्वनीने वर कळवायचे, एवढे त्यांचे काम असले तरी, आज त्या काळाचा अभ्यास करणाऱ्याला त्या नोंदवह्यांइतके विश्वासार्ह साधन दुसरे मिळत नाही. विमान कोसळल्याची खबर आली की प्रथम पोलीस पोचत, मग लष्कराची तुकडी अवशेषांभोवती पहारा बसवी, आणि त्यानंतर ‘जी-टू’ या लष्करी गुप्तवार्ता शाखेचे अधिकारी वैमानिकांची चौकशी करून नकाशे आणि कागदपत्रे ताब्यात घेत. विमान दुरुस्त होण्याजोगे असेल तर त्याला वेगळेच भवितव्य लाभे: सप्टेंबर १९४० मध्ये वेक्सफर्ड काउंटीत उतरलेले एक ब्रिटिश ‘हरिकेन’ आणि जानेवारी १९४१ मध्ये स्लायगोत उतरलेले एक ‘हडसन’ ही विमाने अखेर आयर्लंडच्याच तुटपुंज्या हवाई दलात दाखल झाली.

वैमानिकांची रवानगी किल्डेअर काउंटीतील कर्रा येथील लष्करी तळावर होई. २० ऑगस्ट १९४० रोजी हवामानाची पाहणी करण्यासाठी निघालेले चार इंजिनांचे जर्मन ‘कोंडोर’ विमान केरीतील माउंट ब्रँडनच्या धुक्याने झाकलेल्या उतारावर आदळले आणि आश्चर्य म्हणजे त्यातील सर्वजण वाचले. तेथपासून कर्रातील जर्मन स्थानबद्धांचा इतिहास सुरू होतो. ‘के-लाइन्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या आवारात ब्रिटिश आणि जर्मन वैमानिक शेजारशेजारच्या कुंपणांत राहत. पळून जाणार नाही असे लेखी वचन देऊन, म्हणजे पॅरोलवर, त्यांना सायकलीवरून जवळच्या गावांत, घोड्यांच्या शर्यतींना किंवा गोल्फ खेळायला जाता येई. पुढे काही जर्मनांना डब्लिनमध्ये शिक्षण घेण्याचीही परवानगी मिळाली. स्थानबद्धता ही शिक्षा नाही, हे तत्त्व इतक्या उदारपणे पाळणारे दुसरे राष्ट्र त्या युद्धात सापडणे कठीण आहे.

या वचनाला किती किंमत होती, हे रोलंड वुल्फ या अमेरिकी तरुणाच्या प्रकरणातून कळते. अमेरिका युद्धात उतरण्यापूर्वीच ब्रिटिश हवाई दलात भरती झालेल्या स्वयंसेवकांच्या ‘ईगल’ तुकडीतला हा वैमानिक ३० नोव्हेंबर १९४१ रोजी डोनेगॉलमधील इनिशोवेन द्वीपकल्पावर आपल्या ‘स्पिटफायर’मधून हवाई छत्रीने उतरला, कारण इंजिन तापून बंद पडत होते. कर्रात पोचल्यावर दोन आठवड्यांच्या आत, १३ डिसेंबरला, तो वचनाच्या शब्दांतली फट शोधून बाहेर पडला आणि सीमा ओलांडून उत्तर आयर्लंडमधल्या तळावर परतला. त्याच्या वरिष्ठांनी त्याचे स्वागत करण्याऐवजी त्याला पुन्हा कर्राला पाठवून दिले. पर्ल हार्बरवरील हल्ल्याला तेव्हा आठवडाही उलटला नव्हता आणि प्रत्येक प्रशिक्षित वैमानिक ब्रिटनला हवा होता. तरीही डब्लिनशी असलेला विश्वास एका माणसासाठी मोडू नये, असे लंडनने ठरवले. २०११ मध्ये पीटच्या दलदलीतून ते विमान उकरून काढण्यात आले तेव्हा त्या मातीने त्याच्या ब्राउनिंग मशिनगन इतक्या सुस्थितीत राखल्या होत्या की साफसफाईनंतर त्यांपैकी एक पुन्हा चालवून दाखवता आली.

तथापि हा समतोल युद्धाच्या उत्तरार्धात टिकला नाही, आणि तो टिकला असे भासवणे इतिहासाशी प्रामाणिकपणाचे होणार नाही. जानेवारी १९४१ मध्येच डी व्हॅलेरा आणि मॅफी यांच्यात असे ठरले होते की लॉक अर्न या उत्तरेकडील सरोवरावरून उडणाऱ्या, पाण्यावर उतरू शकणाऱ्या ब्रिटिश विमानांनी डोनेगॉलच्या अरुंद पट्ट्यावरून थेट अटलांटिकवर जावे. याच तळावरून निघालेल्या ‘कॅटलिना’ विमानाने २६ मे १९४१ रोजी जर्मनीची ‘बिस्मार्क’ ही युद्धनौका हुडकली आणि दुसऱ्या दिवशी ती बुडाली. पुढे टेहळणी चौक्यांजवळच्या भूशिरांवर चुना फासलेल्या दगडांनी देशाचे नाव आणि चौकीचा क्रमांक जमिनीवर लिहिण्यात आला. नावाने प्रत्येक वैमानिकाला तटस्थ भूमीचा इशारा मिळे. क्रमांकाचा उपयोग मात्र ज्यांच्याकडे चौक्यांची यादी होती त्या दोस्त वैमानिकांनाच दिशा ओळखण्यासाठी होई. २०१८ मध्ये ब्रे हेड येथे लागलेल्या वणव्याने झुडपे जळाली आणि असेच एक विसरलेले अक्षरचिन्ह पुन्हा उघडे पडले.

सर्वांत मोठी पळवाट होती ती ‘लढाऊ कामगिरीवर नसलेले उड्डाण’ या संकल्पनेची. प्रशिक्षण, वाहतूक किंवा विमान एका तळावरून दुसऱ्या तळावर पोचवणे अशा कामांवरील चालकदलाला स्थानबद्ध करण्याची गरज नाही, असा अर्थ डब्लिनने लावला. दिसायला हा नियम दोन्ही पक्षांना सारखाच लागू होता, परंतु जर्मन विमान प्रशिक्षणासाठी आयर्लंडवर आले होते असे कोण म्हणू शकणार? १५ जानेवारी १९४३ रोजी जिब्राल्टरहून येणारे अमेरिकी ‘फ्लाइंग फोर्ट्रेस’ गॉलवेतील अथेनराय येथे उतरले, तेव्हा त्यात जनरल जेकब डेव्हर्स यांच्यासारखे वरिष्ठ सेनानी होते. त्यांना उत्तरेच्या सीमेपलीकडे पोचवण्यात आले. ऑक्टोबर १९४३ मध्ये बहुतेक ब्रिटिश स्थानबद्धांना सोडण्यात आले, जून १९४४ मध्ये उरलेल्यांनाही. जर्मनांना मात्र १९४५ मध्ये युद्ध संपेपर्यंत राहावे लागले. कायद्याच्या काटेकोर मापाने हा पक्षपात होता. पण ज्या देशाकडे स्वतःचे आकाश राखण्याइतकी विमाने नव्हती, त्याने नियमांचे बाह्य रूप जपत बलाढ्य शेजाऱ्याला सवलती दिल्या आणि त्या बदल्यात आपली भूमी रणांगण होऊ दिली नाही, हा मुत्सद्दीपणा दोषापेक्षा मोठा मानावा लागतो.

स्वित्झर्लंडशी तुलना केली तर हे अधिक पटते. २८ एप्रिल १९४४ रोजी नव्या रडारने सज्ज असलेले जर्मन रात्र-लढाऊ विमान ड्यूबेनडॉर्फच्या धावपट्टीवर उतरले, तेव्हा ते गुपित दोस्तांच्या हाती पडू नये म्हणून जर्मनीच्या मागणीवरून स्विस अधिकाऱ्यांनी ते नष्ट केले आणि मोबदल्यात बारा ‘मेसरश्मिट’ विमाने विकत घेण्याची मुभा मिळवली. त्याच देशातील वाउविलरमोस येथील शिक्षा छावणीत पळून जाण्याचा प्रयत्न केलेल्या अमेरिकी वैमानिकांना अतिशय हलाखीत ठेवले गेले, इतके की २०१४ मध्ये अमेरिकेने त्यांना युद्धकैद्यांचे पदक दिले.

आयर्लंडच्या खेड्यांनी जे केले त्याला मात्र धोरणाचा आधार लागला नाही. ७ एप्रिल १९४३ रोजी मोरोक्कोहून येताना वाट चुकलेले अमेरिकी विमान कॉर्क काउंटीतील क्लोनाकिल्टीजवळच्या पाणथळ माळावर उतरले, तेव्हा चालकदलाचा आणि त्यांच्यासोबतच्या टोजो नावाच्या माकडाचा गावाने पाहुणचार केला. माकड तिथेच मेले आणि विमान तात्पुरत्या धावपट्टीवरून काही आठवड्यांनी उडाले. ३१ जानेवारी १९४४ च्या रात्री ब्लू स्टॅक डोंगरात ‘संडरलंड’ विमान आदळून बारांपैकी सातजण ठार झाले, तेव्हा स्थानिक लोक भर हिवाळ्यात तो डोंगर चढून वाचलेल्यांपर्यंत पोचले.

जिवंत वैमानिकांना मिळणाऱ्या वागणुकीत युद्धाबरोबर फरक पडत गेला. मृतांच्या बाबतीत तो पडला नाही. समुद्राने किनाऱ्यावर आणलेल्या किंवा अवशेषांतून काढलेल्या वैमानिकाला, तो कोणत्याही बाजूचा असो, आयरिश सैन्याने त्याच्या देशाच्या ध्वजाखाली लष्करी इतमामाने निरोप दिला. जर्मन मृतांच्या विखुरलेल्या कबरी पुढे विक्लो डोंगरातील ग्लेनक्री येथे एकत्र आणण्यात आल्या. १९६१ मध्ये खुल्या झालेल्या त्या स्मशानभूमीत १३४ जण आहेत, आणि त्यांत वैमानिक व नौसैनिकांबरोबरच १९४० मध्ये पाणबुडीने बुडवलेल्या ‘अरँडोरा स्टार’ जहाजावरील स्थानबद्ध नागरिकही आहेत. ब्रिटिश राष्ट्रकुलातील वैमानिकांच्या कबरी पश्चिम किनाऱ्यावरच्या गावोगावच्या चर्चच्या आवारात आजही आहेत.